कांबळेबाईंचे डोंगर

कांबळेबाईंना कुणी कसलंही दुखणं सांगितलं की त्या आधी एकच विचारायच्या, "कधीपासून?" मशीन आवाज करतंय म्हणा, कॅन्टीनच्या डाळीला चव नाही म्हणा, बसचा ड्रायव्हर ब्रेक जोरात मारतो म्हणा. काय झालं ते नाही, कुणी केलं तेही नाही. "कधीपासून?" समोरचा माणूस तिथंच अडायचा. काय झालं ते सगळ्यांना सांगता येतं, कुणी केलं ते तर लोक न विचारताही सांगतात. कधीपासून, हे कुणी बघून ठेवलेलं नसतं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. लिहायला बसलोय ते हौस म्हणून नाही. परवा कंपनीतला एक जण भेटला, म्हणाला, "आबा, ती डोंगर काढणारी बाई आठवते का? दिवसभर रंगीत डोंगर काढायची आणि पगार घ्यायची!" आणि हसला. मला तो हसलेला आवडला नाही. त्या डोंगरांत मी काय बघितलं ते मलाच ठाऊक आहे, म्हणून मलाच लिहावं लागतंय. हात दुखतो, थांबून थांबून लिहितोय.

आमची कंपनी चाकणची, गाड्यांच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट करणारी. मी चाकणच्याच बाजूचा, जुन्या गावातला. पुढं मुलांच्या शाळेसाठी दिघीला राहायला आलो. कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर बत्तीस-तेहतीस वर्षं काढली. ग्राइंडिंग म्हणजे शाफ्ट दगडाच्या चाकावर घासून मापात आणायचा. माप कसलं, तर डोक्याच्या केसाच्या जाडीचे दहा भाग करा, त्यातल्या दोन भागांत शाफ्ट बसला पाहिजे. तिसऱ्या भागात गेला की गेला. मशीनला बाजूला एक हाताचं चाक असतं, त्यावर बारीक रेघा. एक रेघ आत फिरवली की पुढचा शाफ्ट किंचित बारीक निघतो, एक रेघ बाहेर घेतली की किंचित जाड.

दुसरे लोक दहा नगांत एखादा मोजायचे. मी प्रत्येक नग मोजायचो. किंचित जाड वाटला, एक रेघ आत. किंचित बारीक वाटला, एक रेघ बाहेर. माझा उजवा हात त्या चाकावरून कधी उठायचाच नाही. नवीन माणूस आला की सुपरवायझर त्याला माझ्याजवळ आणून उभा करायचे, "हात बघ आबांचा." याचा मला गर्व होता. होता म्हणतोय.

बाई आल्या त्या क्वालिटी खात्यात, कॉन्ट्रॅक्टवर. वय चाळिशीचं, अंगानं वाळलेल्या, चष्म्याला दोरी, खांद्याला भलीमोठी पिशवी. मी त्यांना मॅडम म्हणालो तर म्हणाल्या, "मॅडम नका म्हणू हो. माझे वडील पिंपरीत लेथवर होते. तुमच्यासारखेच, अंगाला मशीनच्या कूलंट तेलाचा वास घेऊन घरी यायचे." तरी ताई म्हणायला माझी जीभ वळेना. मग बाई म्हणायला लागलो, शाळेत गुरुजींच्या बायकोला म्हणायचो तसं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागितलं काय, तर जुनी कार्डं. आम्ही मापं लिहायचो ती कार्डं भंगाराच्या शेडमध्ये पोत्यांत भरलेली, रद्दीवाल्याची वाट बघत. बाईंनी ती पोती स्वतः ओढत आणली. चौदा महिन्यांची. तेलाचे डाग, चहाचे डाग, एका पोत्यात उंदराचं बाळंतपण झालेलं. रोज दुपारच्या चहानंतर बसायच्या आणि एकेक आकडा कॉम्प्युटरवर चढवायच्या. साहेब म्हणाले, "मॅडम, सरासरी काढा आणि द्या, कशाला एवढं?" बाई म्हणाल्या, "साहेब, सरासरी शहाण्या सुनेसारखी असते. घरात काय जळतंय ते बाहेर दिसू देत नाही." साहेबांना हसावं की रागवावं कळेना.

येताना-जाताना आम्ही एकाच बसला. दिघीहून सकाळी निघायचं, मोशीपर्यंत बरं, पुढं चाकणच्या चौकात गाडी कासवासारखी. येणंजाणं मिळून तीन तास रोजचे. बाई चढल्या की आधी घरी फोन. "जयभीम बाबा. गोळी घेतली का? खोटं सांगू नका, डबी मी मोजून आलेय." मग पिशवी मांडीवर घेऊन डोळे उघडे ठेवून झोपायच्या. अशी झोप मी फक्त गाई-म्हशींची बघितली होती. एकदा मी विचारलं, "बाई, त्या कॉम्प्युटरवर तुमी करता तरी काय?"

"प्रोग्राम लिहिते, आबा. त्याला सांगते, प्रत्येक आठवड्याचा डोंगर काढ."

"कोणता प्रोग्राम?"

"आर."

"आर, आणि पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच नाव."

"एकाच अक्षराचं? ठेवणाऱ्याला पुढचं सुचलं न्हाई व्हय?"

त्या दिवशी बाई मोठ्यानं हसल्या. बसमधले लोक वळून बघायला लागले. मग त्यांनी वही काढून मला समजावलं. खाली आडवी रेघ म्हणजे माप, डावीकडं बारीक, उजवीकडं जाड. एका आठवड्यात ज्या मापाचे नग जास्त, तिथं उंची जास्त. सगळे नग एकासारखे निघाले तर डोंगर सुळक्यासारखा, अरुंद आणि उंच. नग इकडंतिकडं पळाले तर डोंगर बसक्या म्हशीसारखा पसरट. असा पहिल्या आठवड्याचा एक, त्याच्या थोडा वर दुसऱ्याचा, त्याच्या वर तिसऱ्याचा. एकावर एक थोडे चढलेले. सकाळी दिघीच्या टेकडीवरून लांब बघितलं की डोंगरामागं डोंगर दिसतात ना, अगदी तसं.

"एकमेकांवर कशाला चढवता? वेगवेगळे काढा की."

"वेगवेगळे काढले तर कागद संपेल, आणि डोळा पहिला डोंगर विसरून जाईल. जवळजवळ ठेवले की सरकलेला लगेच दिसतो." मग म्हणाल्या, "फक्त रंग पातळ ठेवावा लागतो. जाड रंग दिला तर पुढचा डोंगर मागच्याला झाकून टाकतो. झाकलेल्याचं काय झालं मग कोण सांगणार?"

आणखी एक त्या नेहमी म्हणायच्या. डोंगराची कड किती गुळगुळीत ठेवायची हे प्रोग्रामला आपणच सांगायचं असतं. "फार गुळगुळीत केली की चित्र देखणं दिसतं आणि खोटं बोलतं. फार खडबडीत ठेवली की खरं बोलतं पण ऐकू येत नाही." मला हे नीट कळायला पुढं बराच काळ जावा लागला. त्या वेळी मी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

मग ते लफडं झालं. आमच्या शाफ्टच्या पेट्यांच्या पेट्या परत यायला लागल्या. गिऱ्हाईक कंपनीचं म्हणणं, काही शाफ्ट बेअरिंगमध्ये घट्ट बसतात, काही खुळखुळतात. मापाबाहेर थोडेच, पण काठावर पुष्कळ. साहेब खाली आले आणि माझ्या मशीनजवळ सगळ्यांना उभं केलं.

त्या मशीनवर आम्ही दोघं. पहिल्या शिफ्टला कायम मी. तो मान मला नोकरीच्या वर्षांमुळं होता. दुसऱ्या शिफ्टला बालाजी. लातूरकडचा, कॉन्ट्रॅक्टवरचा, तिशी उलटलेला, दोन पोरींचा बाप. गडी कमी बोलणारा. पण मी एकदोनदा बघितलं होतं, मशीन चालू आणि हा हात पाठीमागं बांधून नुसता उभा. दहा-दहा नग चाकाला हात नाही. मला ते कामचुकारपणाचं वाटायचं.

साहेबांनी विचारलं, "आबा, तुम्ही सीनियर. क्लियर सांगा, प्रॉब्लेम कुणाच्या शिफ्टला?"

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "साहेब, मशीन लेकरासारखं हाय. त्याच्याकडं बघावं लागतं. काही लोक नुसते उभे राहत्यात आन् मशीन आपलं आपण चालतंय म्हणत्यात. ह्या हाताला एकतीस वर्षं झाली, ह्यो चुकत न्हाई."

नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. साहेबांनी सुपरवायझरकडं बघितलं आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत रिपोर्ट बघू. नाहीतर कॉन्ट्रॅक्टवाल्याला दुसरा माणूस पाठवायला सांगा." बाई मागं उभ्या होत्या. चष्मा पुसत होत्या.

बुधवारी घरी जाताना बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. फोन केला नाही, झोपल्याही नाहीत. पिशवीतून एक लांब कागद काढला आणि माझ्या मांडीवर पसरला.

"आबा, हा रिपोर्ट शनिवारी द्यायचाय. आधी तुम्हाला दाखवते."

कागदावर दोन रांगा. डावीकडं निळे डोंगर, पहिली शिफ्ट. उजवीकडं केशरी, दुसरी शिफ्ट. खालून वर चौदा महिने. केशरी सगळे सुळके. कुठला जरा डावीकडं, कुठला उजवीकडं, पण अरुंद, ताठ. निळे पसरट, बसलेल्या म्हशींचा कळप. दोन्ही कडा मापाच्या हद्दीच्या रेघांना टेकलेल्या. चौथी शिकलेल्याला कळलं, म्हणजे कुणालाही कळलं असतं.

"ह्ये उलटं लावलंय तुमी," मी म्हणालो.

"नाही आबा. मीही आधी तसंच समजले. तीनदा तपासलं."

"मी एकेक नग मोजतो, बाई. एकेक! त्यो बालाजी हात बांधून उभा राहतो."

"तेच तर." बाई हळू बोलत होत्या, बसमध्ये कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "मशीन बरं असलं तरी दोन नग कधी हुबेहूब निघत नाहीत. एक किंचित इकडं, एक किंचित तिकडं. ती मशीनची चूक नसते, त्याचा स्वभाव असतो. मूल झोपेत कूस बदलतं ना, तसं. बदलू द्यायची. दर कुशीला आई उठून त्याला सरळ करायला लागली तर मूलही जागं आणि आईही जागी. तुम्ही दर नगाला रेघ फिरवता, म्हणून पुढचा नग स्वतःची कूसही बदलतो आणि तुमची रेघही खातो. दुप्पट पळतो."

"दगड झिजतो त्याचं काय?" मी आवाज चढवला. "झिजला की नग जाड व्हायला लागत्यात. तेव्हाबी हात बांधायचे?"

"नाही. तेव्हा फिरवायचं. ओळीनं पाच नग एकाच बाजूला गेले, तर दगड झिजला. बालाजी तेच करतो. त्याला मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, 'कुणी न्हाई बाई, मला भ्याव वाटतंय चाकाला हात लावायला, म्हणून वाट बघतो.'"

मी कागद गोळा करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत उलगडला आणि निळ्या रांगेत एका जागी बोट ठेवलं. सगळ्या पसरट डोंगरांमध्ये एकच निळा डोंगर सुळक्यासारखा उभा होता. केशरी सुळक्यांपेक्षाही ताठ.

"हा आठवडा, आबा. दिवाळीनंतरचा. कार्डावर सही तुमचीच आहे. या आठवड्यात काय झालं होतं?"

मला तो आठवडा दिवसांसकट आठवत होता. दिवाळीनंतर घराच्या जिन्यात पाय घसरून मी उजव्या हातावर पडलो होतो. मनगट सुजून वांग्यासारखं झालं. सुपरवायझरला कळलं असतं तर मला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं असतं, आणि पॅकिंगला बसलेला म्हातारा परत मशीनवर येत नाही, हे मी दुसऱ्यांचं बघितलं होतं. म्हणून बायकोनं पट्टी बांधून दिली आणि वरून मी लांब बाहीचा शर्ट घातला. सहा दिवस मशीन डाव्या हातानं चालवलं. चाक फिरवणं त्या हाताला जमत नव्हतं, म्हणून अगदी नाइलाज झाला तरच फिरवायचो. सहा दिवस मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, की मी काम फसवतोय.

आणि तोच माझा सगळ्यात चांगला आठवडा.

"आठवत न्हाई," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि कागद पिशवीत ठेवला.

गुरुवारी मी बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसलो. शुक्रवारी कामावर आलो ते मनाशी ठरवूनच आलो, की बाईंना खोटं पाडायचं. म्हटलं, एक तास हात लावत नाही, बघू काय होतंय. पहिले चार नग कसेबसे काढले. पाचवा जाड आला. हात आपोआप चाकाकडं गेला. मी तो ओढून खिशात घातला. खिशातून परत निघाला. शेवटी स्टुलावर बसलो आणि हात मांडीखाली दाबून धरला, वर्गात मारकुट्या पोरानं हात लपवावा तसा. सहावा नग मधोमध. सातवा बारीक. आठवा मधोमध. कुणी काही केलं नाही आणि ते आपापले घरी आले. मला आनंद व्हायला हवा होता. तसं झालं नाही. एकतीस वर्षं मी ज्याला काम म्हणत होतो, ते त्या मशीनला नको होतं.

तीन वाजता बालाजी आला. त्यानं नेहमीसारखं मशीनच्या पत्र्यावरून फडकं फिरवलं.

"आबा, उद्यापस्तोरच हाय म्हणं मी."

"कोण म्हणलं?"

"सुपरवायझर साहेब म्हणले. घरी सांगितलं न्हाई अजून. धाकटीचं ॲडमिशन आत्ताच केलंय इथं." मग फडकं झटकत म्हणाला, "तुमी काय बोललात ते कळलं मला. राग न्हाई. तुमाला दिसलं ते बोललात. तुमी सकाळी मशीन तापवून चांगलं लाईनीवर आणून देताव, म्हणून तर माझं बरं निघतंय."

त्यानं मला शिवी दिली असती तर मी उलट दोन दिल्या असत्या. हे वाक्य मात्र मी घरी घेऊन गेलो. जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "हात दुखतोय का?" मी म्हणालो, "व्हय."

शनिवारी साहेबांच्या केबिनमध्ये साहेब, सुपरवायझर, बाई आणि मी. बाईंनी कागद भिंतीला लावला. त्यावर कुणाचं नाव नव्हतं; पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, एवढंच. साहेबांनी जवळ जाऊन बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, लेबल चुकलंय का?"

"नाही साहेब."

"म्हणजे प्रॉब्लेम आबांच्या शिफ्टला?" साहेबांना ते बोलायला जड जात होतं. "मग या एका आठवड्यात आबा रजेवर होते का? दुसरा कुणीतरी होता वाटतं."

माझ्यासाठी दार उघडं होतं. व्हय म्हणालो असतो तरी कुणी हजेरी काढून बघितली नसती. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या. खिडकीबाहेर ट्रक उभे होते, तिकडं बघत होत्या.

"मीच होतो," मी म्हणालो. "हात बांधलेला होता."

"म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. जिना, मनगट, पट्टी, लांब बाही. चाक फिरवता आलं नाही तेही. सांगताना थांबलो नाही. एकदा थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो. "बालाजीचं काम चांगलं हाय," मी म्हणालो. "परवा मी जे बोललो ते चुकीचं बोललो. त्यो हात बांधतो ते बरोबर करतो."

सुपरवायझर खुदकन हसला. "म्हणजे आबा, हात मोडला की काम चांगलं होतं तुमचं?"

साहेबही हसले. मी हसलो नाही. "व्हय," म्हणालो, "तसंच समजा."

बाईही हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "साहेब, या एका डोंगराचा अर्थ काय होतो ते बघा. माणूस बदलायची गरज नाही. ना हा, ना तो. एकतीस वर्षं काम केलेला माणूस सहा दिवस दुखऱ्या हातानं सगळ्यात ताठ डोंगर काढतो. मला तीन आठवडे द्या. दोन्ही शिफ्टला एकच नियम: ओळीनं पाच नग एका बाजूला गेल्याशिवाय चाकाला हात नाही." साहेबांनी तीन आठवडे दिले. बालाजी राहिला.

संध्याकाळी बसमध्ये मीच बाईंच्या शेजारी जाऊन बसलो. मोशी आली. मग बाई म्हणाल्या, "मनगट अजून दुखतं?"

"थंडीत दुखतं. बाई, एक इचारू? तुमाला आधीच ठाऊक व्हतं का, माझा हात बांधलेला व्हता म्हणून?"

"आबा, चौदा महिन्यांची कार्डं मी टाइप केली. एकेक आकडा. तुमचा चारचा आकडा मला झोपेत ओळखू येतो. त्या आठवड्यातले चार डाव्या हाताचे होते. वाकडे, पोरानं काढल्यासारखे. बाबांनाही एकदा मशीनवर लागलं होतं, तेव्हा तेही पगाराच्या कागदावर असाच चार काढायचे."

"मग बुधवारीच का न्हाई बोललात?"

"आकडा मी सांगू शकते. हात तुमचा होता. तो तुम्ही सांगायचा."

"आन् मी न्हाई सांगितलं असतं तर?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "तर मी सांगितलं असतं. तिथंच, तुमच्या तोंडावर. बालाजीला दोन पोरी आहेत, आबा. तुमचा मान एकच."

असं तोंडावर मला माझ्या बापानंतर कुणी बोललं नव्हतं.

त्या तीन आठवड्यांचं काय सांगू? सवय म्हणजे खाज असते. मी हात मांडीखाली दाबून बसायचो, आणि येणारेजाणारे हसायचे, "आबा, अंडी उबवताय का?" बाई रोज एक फेरी मारायच्या. कार्ड बघायच्या आणि जाताना म्हणायच्या, "झोपू द्या मुलाला." एवढंच. शाबासकी त्यांनी कधी दिली नाही. परत येणाऱ्या पेट्या कमी झाल्या, मग थांबल्या. बाईंच्या कागदावरच्या निळ्या म्हशी एकेक करून उभ्या राहायला लागल्या.

पुढं दीड वर्षानं मी निवृत्त झालो, आणि योगायोग असा की बाईंचं कॉन्ट्रॅक्टही त्याच महिन्यात संपलं. कंपनीनं आपोआप माप घेणारं यंत्र आणलं होतं. ते प्रत्येक नग मोजतं आणि चाकही आपणच फिरवतं. सुपरवायझर ते कौतुकानं दाखवत होता. बाईंनी विचारलं, "किती नगांनंतर फिरवतं?" तो म्हणाला, "प्रत्येक नगाला, मॅडम! ऑटोमॅटिक!" बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग बाईंनी एका कागदावर पाच नगांच्या नियमाच्या चार ओळी लिहून त्याच्या हातात दिल्या. त्यानं घडी करून खिशात घातल्या.

शेवटच्या दिवशी बसमध्ये बाईंनी मला एक गुंडाळी दिली. उलगडली तर डोंगर. या खेपेला दोन रांगा नव्हत्या. दर आठवड्याला निळा आणि केशरी एकाच जागी, एकावर एक काढलेला, पातळ रंगात. खाली सुरुवातीला निळी म्हैस आणि तिच्या पोटातून वर निघालेला केशरी सुळका. वर जावं तशी म्हैस आक्रसत गेली. आणि सगळ्यात वरच्या काही आठवड्यांत निळा नाही, केशरी नाही, दोन्ही मिसळून एकच मळकट तपकिरी रंग.

"बाई, वरच्यात मी कोणता?"

"शोधा."

मी चष्मा चढवला. बस चाकणच्या चौकात अडकलेली, वेळ पुष्कळ होता. शोधलं. सापडलं नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं. ज्या माणसाचा हात दाखवायला लोक आणायचे, तो कालच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यापासून वेगळा ओळखूसुद्धा येऊ नये? मी बाईंना तसं म्हणालोही.

"चांगलं काम एकमेकांसारखंच दिसतं, आबा," त्या म्हणाल्या. "ओळखू येते ती चूक."

आणि मान मागं टेकवून त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत त्यांना बसमध्ये डोळे मिटून बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. डोळ्यांखाली काळं झालेलं, पिशवीच्या पट्ट्यानं खांदा एका बाजूला उतरलेला. मी म्हणालो, "बाई, फार दमलेल्या दिसता."

"हं."

"कधीपासून?"

त्यांनी डोळे उघडले. "हे मला कुणी विचारलं नव्हतं," म्हणाल्या. मग बोटांवर काहीतरी मोजलं, अर्ध्यात सोडून दिलं. "आई गेली तेव्हापासून असेल. की त्याच्या आधीपासून? बघून ठेवलेलं नाही, आबा." आणि हसल्या. दिघी आली. उतरताना म्हणाल्या, "हात शेकत जा," आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन गल्लीत शिरल्या.

आता त्या माण गावाकडं कुठल्याशा कंपनीत आहेत म्हणतात. तिकडची बस आमच्या रस्त्यानं येत नाही. बालाजी कधीतरी फोन करतो, त्याच्याकडून कळतं. नंबर माझ्याकडं आहे. फोन करून बोलायचं काय, ते सुचत नाही.

तो कागद मी घरी भिंतीला लावलाय. तेलाचा एक डाग त्यावर पहिल्या दिवसापासून आहे. येणारा माणूस विचारतो, "आबा, हे कुठले डोंगर?" मी म्हणतो, चाकणचे. बायको आतून ओरडते, "चाकणला कुठं आलेत डोंगर!" दुपारी झोप येत नाही तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतो, हात मांडीखाली घालून, आणि सगळ्यात वरच्या डोंगरात स्वतःला शोधतो. अजून सापडलेलो नाही. पहिल्यासारखं वाईट मात्र वाटत नाही. कधीपासून, ते सांगता यायचं नाही.